तेरडा: एक शास्त्रीय प्रयोग

२६ जून १९८३
मागच्या दारी तीन बाय पाच फुटांचा वाफा केला. कांजूरमार्गच्या मातीत माती कमीच. खणताना दोन बुचं आणि एक चप्पल निघाली. इथे रानतेरडा लावणार. हेतू शुद्ध शास्त्रीय. लायब्ररीतून वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आणलं आहे. जानकीच्या परतण्याशी याचा संबंध नाही. बायको दहा महिन्यांपूर्वी हवापालटासाठी भावाकडे, बोरिवलीला गेली आहे.

३ जुलै
आरे कॉलनीतून बावीस रोपं आणली. कंडक्टरने विचारलं, काका, बकरी पाळलीय काय? त्याला देशी वनस्पतींचं महत्त्व पवईपर्यंत समजावलं. तो म्हणाला, तुमचं तिकीट दोन स्टॉप मागेच संपलं.

४ जुलै
एकोणीस रोपांनी माना टाकल्या. प्रत्येक चळवळीत सुरुवातीला असं होतं.

१७ जुलै
दहा मेली. दोन मांजराने उकरली. उरली दहा. शेजारच्या सुगंधावहिनी भिंतीवरून म्हणाल्या, भावोजी, तेरडा कोण लावतं? नाल्याकडेला रग्गड उगवतो की. मी म्हटलं, उगवणं आणि लावणं यात विचारांचा फरक आहे. त्या बरं म्हणाल्या आणि कपडे वाळत घालू लागल्या.
आमच्या गिरणीच्या गेटवर सभा होती. मला भाषणाला बोलावलं नव्हतं. संप चालू आहे.

७ ऑगस्ट
सात उरली. त्यांच्यापुढे वीस मिनिटं बोललो. आवाज शाबूत आहे.

२१ ऑगस्ट, सकाळी ७
पहिलं फूल. जांभळट गुलाबी. काहीतरी वाटेल अशी अपेक्षा होती. पाकळ्या मोजल्या.

२२ ऑगस्ट
वहिनींनी फूल पाहिलं आणि गेल्या वर्षीचा विषय काढला. म्हणे, जानकी तेरड्याची गौर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी, सगळी चाळ बघतेय, आणि तुम्ही दार अडवून पाऊण तास अंधश्रद्धेवर भाषण ठोकलंत. दुसऱ्या दिवशी गेली ना ती?
पाऊण तास नाही. चाळीस मिनिटं. मुद्दे सहाच होते.

२८ ऑगस्ट
बोरिवलीला कार्ड टाकलं. दारचा तेरडा फुलला आहे. यंदा गौर आणण्यास माझा विरोध राहणार नाही. माझी भूमिका मात्र बदललेली नाही, हेही लिहिलं. जागा संपल्यामुळे 'तुझा' लिहायचं राहिलं.

५ सप्टेंबर
उत्तर नाही. टपाल खात्याचा कारभार. वहिनींना बेत सांगितला, तर हसत सुटल्या. अहो, गौर बाहेरून घरात आणायची असते. ती माहेरवाशीण. दारातच बसलेली असेल तर येणार कुठून?
हा मुद्दा पुस्तकात नाही. खंडन तयार करतो आहे.

१३ सप्टेंबर, गौरी येण्याचा दिवस
जानकी आली. सोबत तिची भावजय प्रेमा. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दहा मिनिटांचं निवेदन तयार होतं, माफी शेवटच्या परिच्छेदात.
प्रेमाने सांगितलं, यंदा गौर बोरिवलीला, आमच्याकडे. बाजारातला तेरडा कोमेजलेला असतो. तुमचं कार्ड वाचलं, म्हटलं बरं झालं.
जानकीने सातही रोपं मुळांसकट उपटली. मुळं म्हणजे गौरीची पावलं, तुटता कामा नयेत. मी खुरप्याने माती सैल करून दिली. रोपं पदराखाली घेऊन ती सुगंधावहिनींच्या दारापाशी क्षणभर थांबली आणि निघाली. मला एक शब्द नाही. मागे वळून पाहिलं नाही. निवेदन खिशातच राहिलं.

संध्याकाळी ५
आठवलं! गौर आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची असते. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. लहानपणी गावी पाहिलं आहे. म्हणजे मौन प्रथेचं होतं. व्यक्तिगत काही नव्हतं.

६ वाजून १०
वहिनींकडून खातरजमा केली. त्या म्हणाल्या, मी चुळीसाठी पाण्याचा तांब्या पुढे केला होता हो. तिने घेतला नाही. म्हणाली, राहू दे गं, मला तसंही काही बोलायचं नाहीये.