दिहियाने वाचलेला गोल

वसीला,

तुझ्या दिहियाला घेऊन तिच्या शाळेच्या बाईंकडे जातेय. उद्या शाळेतून तिचं नाव काढायला जायचं नाही, सांगून ठेवते.

आज शेजारणी परातीत रव्याची कुसकुस वळायला आल्या होत्या. मी पोरीला कालच्या फुटबॉल सामन्याची बातमी वाचायला बसवलं. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या होत्या ना, अक्षरं नाचतात तर एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचून घ्या? तुझ्यापुढे दुसऱ्यांदा वाचायचं म्हटलं की तिला रडू फुटतं. इथे गोल झाला की बायकाच ओरडायच्या, "पुन्हा गं, पुन्हा!" वर्दिया म्हातारी तर बातमीतल्या गोलकीपरला म्हणाली, "या खेपेला तरी अडव की मेल्या!" दिहिया हसत हसत वाचत राहिली. शेवटच्या खेपेला एका शब्दाशी अडली. मी सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं. तिचा तिनंच तो सोडवला आणि थेट गोलापर्यंत गेली! आता बाईंनी आपल्या कानांनी ऐकावं.

रस्सा चुलीवर आहे, कुसकुस तेवढी वाफवून ठेव.

रात्री ती तुलाही वाचून दाखवेल. मध्येच चूक काढलीस तर माझ्याशी गाठ आहे. आणि रडायचं असेल तर आम्ही यायच्या आत उरकून घे. मी परातीत तोंड घालून उरकलंय.

तुझी सासू