आजीसारखं करू नको

आई,

सांगायचं ते एकदम सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी मी ऑपरेशन करून माझं पोट लहान करून घेतलं. वजनाचं ऑपरेशन म्हणतात त्याला. पोटाची पिशवी बरीचशी कापून काढतात, मग वाटीभर जेवणात माणसाचं भागतं. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, वजन कुणाचं? कारण तू मला जाड पाहिलेलंच नाहीस. तू गेलीस तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. पोराची पँट कमरेवर राहत नाही म्हणून दादांनी खिळा तापवून माझ्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून दिलं होतं, ते तुझ्यासमोरच. एवढा मी काटकुळा होतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी लाज यातच आहे.

मी जाड झालो तो पेढ्यांनी. दादा कामाला होते ती मिल बंद पडली, मग एकेक करून बाकीच्याही पडल्या, आणि काही वर्षांतच इंदुरात हप्त्यावर गाड्या मिळायला लागल्या. ज्या घरात सायकलचं पंक्चर काढायला मागेपुढे पाहायचे, त्या घरासमोर मोटरसायकल उभी राहू लागली. मी त्या मोटरसायकली विकणाऱ्या शोरूममध्ये चिकटलो, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे की तिथे रोज पूजा असते. नवी गाडी निघाली की हार घालायचा, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि पहिला पेढा गणपतीला, दुसरा आमच्या तोंडात. नको म्हटलं तर गिऱ्हाईकाचा चेहरा पडायचा. “अरे भिया, शगुन का है, मुँह तो मीठा करो.” त्या गिऱ्हाइकांतली कितीतरी पोरं आपल्याच मिलवाल्यांची होती. त्यांच्या आनंदाला नाही कसं म्हणणार, असं मी स्वतःला समजावत असे. खरं सांगायचं तर मला पेढा आवडायचा. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी कचोरी, मधे लोकांचे पेढे. दसऱ्याला आणि धनतेरसला तर जेवायची गरजच पडायची नाही, तरी मी जेवायचो. चाळिशी आली तोवर जिना चढताना मधे थांबून मोबाइल पाहण्याचं नाटक करावं लागायचं, साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि डॉक्टर म्हणाले की आता हे ऑपरेशनच करा.

ऑपरेशननंतर त्यांनी बजावलं होतं की आम्ही आमचं काम केलं, आता उरलेलं तुमच्या पायांनी करायचं. पहिलं वर्ष मी इतका चाललो की तुला खरं वाटणार नाही. वजनकाट्यावर उभं राहिलं की आकडा खाली गेलेला दिसायचा, आणि तो पाहायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचो. बागेत आमचा एक कंपू जमला होता. आपल्या इंदूरची रीत तुला ठाऊकच आहे, माणूस चालायला निघतो तो पोह्याच्या दुकानापर्यंत. जेवढं घाम गाळून घालवायचं तेवढं शेव टाकून परत भरायचं आणि “आज मस्त वॉक झाला” म्हणत घरी यायचं. माझ्या वाट्याला दोन चमचे पोहे. “जलेबी सूँघ ले भिया, सूँघने का ऑपरेशन थोड़ी हुआ है,” असं म्हणून ते मला चिडवायचे. मला राग येत नसे. त्या दोन चमच्यांसाठी आणि चेष्टेसाठीच मी जात होतो, हे आता कळतं.

मग काट्यावरचा आकडा थांबला. डॉक्टर म्हणाले की हे असंच असतं, आता आहे ते टिकवायचं. टिकवण्यासाठी रोज पहाटे उठायचं आणि काट्यावर काहीच दिसायचं नाही, हे माझ्याच्याने होईना. नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी कारणं सुरू झाली. आज थंडी आहे, आज बागेत लग्नाचा मांडव पडला आहे, आज बूट चावतात. पुढे पुढे तर मी बूट घालून घरातून निघायचो आणि बागेच्या बाकावर बसून राहायचो. कंपू माझ्यासमोरून फेऱ्या मारायचा आणि मी हात करायचो. वजन हळूहळू परत चढायला लागलं. ऑपरेशनसाठी बायकोने किती रजा काढल्या होत्या, मुलीने हॉस्पिटलच्या बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास केला होता, ते सगळं मी बागेतल्या बाकावर बसून मातीत घालत होतो. आणि आई, मला त्याची लाज वाटत होती, पण उठावंसं वाटत नव्हतं.

हॉस्पिटलवाले अधूनमधून रविवारी आम्हा ऑपरेशनवाल्यांची मीटिंग घेतात. सोबत घरचं एक माणूस आणावं लागतं. माझ्याबरोबर मुलगी आली होती. तिने तुला पाहिलेलं नाही. शहराबाहेर राऊला कॉलेजात शिकते, चालते तुझ्यासारखी झपाझप. तिथल्या मॅडमनी गोल बसवून एकेकाला विचारलं की व्यायाम का सुटला. माझ्या आधीच्या बाईंनी सासरी किती खावं लागायचं ते सांगितलं. त्यांच्या आधीच्या गृहस्थांनी आपल्या आजीच्या लाडांना दोष दिला होता. माझी पाळी आली. आळस, हा एकच शब्द म्हणायचा होता. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“मॅडम, मेरी तो बचपन से ही आदत बिगड़ी हुई है,” मी म्हणालो. “माँ ठूँस-ठूँस के खिलाती थी. थाली से उठने ही नहीं देती थी. शरीर ही ऐसा बना दिया, अब चलने का मन कहाँ से होगा?”

“सबकी माँ ऐसी ही होती है भिया,” पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हळहळले. मॅडम म्हणाल्या की हे बोलायला हिंमत लागते. मुलीने माझा हात दाबला. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी हळवा झालो आहे.

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? मिल बंद झाल्यानंतरचं आपलं स्वयंपाकघर. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मिलचा भोंगा वाजत नाही म्हणून सकाळ कधी झाली ते चाळीत कुणाला कळत नाही, आणि तू मात्र उठून केस बांधते आहेस. राजवाड्यामागच्या भोजनालयात पोळ्या लाटायला जातेस. माझी शाळा त्याच वाटेवर, म्हणून मी तुझ्याबरोबर. टेम्पो बाजूने जातात, आपण चालतो. मी रोज कुठेतरी फतकल मारून बसतो, पाय दुखतात म्हणून रडतो. “बैठून काय होणार आहे? चल, उशीर झाला तर सेठ चिल्लावेल,” एवढंच म्हणून तू पुढे निघतेस. वळूनसुद्धा पाहत नाहीस. मी थोडा वेळ हट्टाने बसतो आणि मग धावत सुटतो. दिवसभर तू दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटायचीस आणि रात्री आपल्याकडे डाळीत पाणी वाढवायचीस. ठूसून खायला घालायला आपल्याकडे होतं काय? दादांच्या पुढ्यातलं ताट रिकामं दिसू नये म्हणून तू त्यात कांदा जास्त वाढायचीस. मी मागितलेली दुसरी पोळी तू कधीकधी द्यायची नाहीस, आणि तेव्हा तू माझ्याकडे न पाहता चुलीकडे पाहायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा. त्या बाईला मी भरल्या सभेत पोराला खाऊ घालून बिघडवणारी ठरवलं, कारण मेलेलं माणूस उलटून बोलत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण मुलीने ते घरी आणलं. तिला आजवर तुझ्याबद्दल फारसं काही माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. आता तिला एक आजी मिळाली. बायकोने तिच्या पानात आग्रहाने भात वाढला की ती म्हणते, “आई, आजीसारखं करू नको.” एखाद्या पाहुणीने लाडवाचा डबा दिला तरी तेच. चेष्टेत म्हणते, मनात वाईट काही नसतं. बायकोही आता म्हणायला लागली आहे. आपल्या घरात तू एवढीच उरली आहेस, आई, आणि तीही खोटी. प्रत्येक वेळी ते शब्द ऐकले की माझ्या हातातला घास हातातच राहतो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. आणि गंमत बघ, मग मी स्वतःला हेही सांगू लागलो की ही टोचणी आहे म्हणून माझे पाय उठत नाहीत. म्हणजे न चालायला आणखी एक कारण मिळालं.

काल संध्याकाळी जेवताना बायकोने माझ्या पानात अर्धी भाकरी जास्त ठेवली आणि मुलगी ते वाक्य म्हणाली. मला राहवलं नाही.

“आजीने मला जास्त खायला घातलं नाही,” मी म्हणालो. “घालायला होतंच कुठे?”

“पण मीटिंगमध्ये तर तुम्ही...”

“खोटं बोललो.”

“कमाल करता हं तुम्ही,” बायको म्हणाली आणि हातातलं भांडं खाली ठेवून बसली.

“मग जाड कशामुळे झालात?” मुलीने विचारलं.

“खाऊन.”

“आणि चालत का नाही?”

“कंटाळा येतो.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. “एवढंच बोलायचं ना मग, बाबा,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या फ्रेंड्सनासुद्धा.” तिचे डोळे भरले होते. तुझ्यासाठी तुझी नात रडली, आणि रडवणारा मी. ते पुसून ती म्हणाली, “उद्या सकाळी माझ्यासोबत चला. वजन-बिजन काही नको. चालता चालता मला आजी कशी होती ते सांगा. सही सही सांगा पण.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. तिला पहिल्यांदा काय सांगायचं ते ठरवतच झोपलो.

आज तिच्या आधी जाग आली. वाटलं, तिच्याशी बोलण्यापूर्वी तुझ्याशी बोलून घ्यावं, म्हणून जेवणाच्या टेबलावर हा कागद घेऊन बसलो. पहिलं पान होत आलं होतं तेव्हा ती बूट घालून आली. “चलताय ना?” म्हणाली. मी म्हटलं, आजीला पत्र लिहितोय, आज तू जा. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि फाटक लावून गेली. आता ऊन वर आलं आहे, चालायला गेलेले लोक परत येत आहेत. हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला बसतानाच माहीत होतं. आई, आजही चालणं चुकवायला मी तुझंच नाव पुढे केलं.