माझे घर, माझी शिल्लक आणि जयंतचे कान

मी, नीळकंठ गोविंद देवपुजारी, वय पंच्याहत्तर, मूळचा नागपूरचा, हल्ली राहणार बाग सेवनिया, भोपाळ, सरकारी कारखान्याच्या फॅब्रिकेशन शॉपमधून निवृत्त, हे मृत्युपत्र करून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कान गेले आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मला ऐकू आला नसता.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. माझ्यानंतर ते पत्नी सौ. सुमित्रा हिच्याकडे तहहयात राहील. तिच्या पश्चात मुलगा जयंत व मुलगी विजया यांना निम्मे निम्मे. जयंतसाठी एक अट आहे, ती कलम ३ मध्ये.

२. बँकेतील शिल्लक सुमित्राच्या औषधपाण्यासाठी. उरेल ती शॉपमध्ये नव्याने लागणाऱ्या मुलांना कानावरची चांगली आवरणे घेऊन देण्यासाठी विजयाने खर्चावी. कानाच्या यंत्रांसाठी त्यातला एक पैसाही देऊ नये. कारण सांगतो.

आमच्या शॉपमध्ये हवेवर चालणारे हातोडे दिवसभर लोखंडी पत्र्यांवर चालत. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यातल्या डॉ. लीलावती पेंढारकर यांनी मला समजावले होते, "देवपुजारी, आधी आजार होऊच द्यायचा नाही. झालाच तर लहान असताना पकडायचा. तेही हुकलं, तर मग माणूस आणखी खचू नये म्हणून धडपडायचं." म्हणून मी मॅनेजर आठले यांच्याकडे हातोड्यांसाठी वेगळी शेड मागितली. ते हसून म्हणाले, "देवपुजारी, कारखाना है, भजन मंडली नहीं!" पुढे तपासणीत माझे ऐकणे कमी झाल्याचे दिसले. डॉक्टरीणबाईंनी मला दुसऱ्या विभागात हलवा असे लिहून दिले. आठले म्हणाले, "हाताखालचा चांगला कारागीर मी सोडत नाही." निवृत्तीच्या दिवशी मात्र हार, शाल, फोटो आणि कानाचे यंत्र! टाळ्या वाजत असाव्यात. ते यंत्र शिट्ट्या मारते. ज्याला हवे त्याने न्यावे. शाल आठल्यांना परत करावी.

३. गेल्या वर्षी सुमित्रा न्हाणीघरात घसरली. तिने मला हाका मारल्या. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. शेजारच्या अलकाताईंना भिंतीपलीकडून ऐकू गेले. त्यांनी पुढचे दार ठोठावले, तेही मला कळले नाही. शेवटी त्या मागच्या दाराने आत आल्या आणि माझ्या हातातला पेपर ओढून म्हणाल्या, "काका, काकू पडल्यात!" हे त्यांच्या ओठांवरून समजले. सुमित्राच्या खुब्यात आता धातूची पट्टी आहे, ती काठीने चालते.

त्याआधी मी जयंतला किती वेळा सांगितले होते की, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला कठडा बसव. "बाबा, सुट्टीत बघू." ती पडल्यावर मात्र आठवडाभरात दोन्ही न्हाणीघरांत चकचकीत कठडे लागले, स्वयंपाकघरातसुद्धा, जिथे कोणी कधी पडले नाही.

जयंत मंडीदीपच्या एका कारखान्यात जनरेटरच्या खोलीशेजारी बसतो. हल्ली तोही दोनदा "काय?" विचारतो आणि टीव्ही मोठा करतो. तेव्हा अट अशी : त्याने दरवर्षी कान तपासून अहवाल विजयाला दाखवावा. न दाखवल्यास त्याचा हिस्साही विजयाचा. जयंत, चिडू नकोस. चिडलास तरी तपासून ये.

४. अलकाताईंना सुमित्राची शिवणयंत्राची पेटी द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. याचा मला राग आहे. सुमित्राने ती आजच हाताने द्यावी.

वकिलांनी खाली टाइप केले होते, "वरील मजकूर मी ऐकून, समजून सही करीत आहे." मी 'ऐकून' खोडायला सांगितले. सुमित्रा काहीतरी म्हणाली. मी विचारले, काय? तिने पुन्हा म्हटले. मग वकिलांचे पेन घेऊन तिने कागदाच्या कोपऱ्यावर लिहून दाखवले : "अहो, एका शब्दानं काय होतंय?"

शब्द खोडला आहे. मजकूर मी वाचून, समजून सही करीत आहे.

भोपाळ, ७ ऑगस्ट २०११
(सही) नीळकंठ गोविंद देवपुजारी

आमच्या समक्ष सही केली :
(सही) अलका टेंभेकर, शेजारी, बाग सेवनिया
(सही) डॉ. लीलावती पेंढारकर, निवृत्त, कोलार रोड