साहेबाचं आडनाव आणि आपलं

बाबा,

तुमच्या साहेबाच्या आडनावाची गोष्ट खरी होती. दादरच्या वाचनालयात एका जाड पुस्तकात ती परवा मला सापडली. वेल्सकडच्या लोकांना पूर्वी आडनावंच नव्हती. माणूस ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून बापाचं नाव लावी, त्यापुढे आजोबांचं. मुलगा म्हणजे त्यांच्या भाषेत ‘आप’. पुढे इंग्रजांचे कायदे आणि कचेऱ्या आल्या, त्यांना प्रत्येक घराण्याला एकच कायमचं नाव हवं होतं. तेव्हा ज्याच्या त्याच्या बापाचं नाव पुढच्या सगळ्या पिढ्यांना चिकटलं. हॉवेलचा मुलगा तो आप हॉवेल, आणि बोलता बोलता झिजून पॉवेल. अगदी तुम्ही सांगायचात तसंच. मला इतका संताप आला की पुस्तक तिथेच ठेवून मी घरी आले. परक्या माणसाच्या आडनावाबद्दल तुम्ही शब्दन् शब्द खरं सांगितलंत, आणि आपल्या?

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. सभेहून आलेली माणसं लालबागच्या आपल्या चाळीच्या गॅलरीत बसलेली आहेत, माहेरी आलेली मी चहा देते आहे, आणि तुम्ही परळच्या गिरणीतल्या तुमच्या इंजिनखात्याच्या साहेबाची गोष्ट रंगवता आहात. साहेब कधीच मायदेशी गेलेला, पण तुमच्या तोंडून काही जात नव्हता. “माझा पॉवेलसाहेब इंग्रज नव्हता, वेल्सचा होता,” तुम्ही म्हणायचात. कोणीतरी टोमणा मारायचं, “गोरा तो गोराच की हो!” “कसा गोरा? त्याचा आजा इंग्रजी शाळेत स्वतःची भाषा बोलला म्हणून गळ्यात लाकडाची फळी अडकवली होती मास्तराने!” “मग आता त्याच्यासाठीपण मोर्चा काढायचा काय?” सगळे हसायचे. तुम्हीही. मला तुमचा अभिमान वाटायचा.

त्याच सुमारास माझा नवरा तापाने गेला. दिवसकार्य होताच दीर म्हणाले, “वहिनी, खोली माझ्या नावावर आहे. तुम्ही माहेरी गेलात तर बरं.” माहेर म्हणजे तुमची एक खोली, तिच्यात भाऊ, भावजय, त्यांची मुलं. चार दिवसांत भावजयीने भांडी आपटायला सुरुवात केली. तेव्हा मीच म्हटलं, “बाबा, मी पोरीला घेऊन गावी जाते. आपलं घर आहे ना तिथे.” लहानपणापासून तुम्हीच सांगितलं होतंत, ओटीसमोर फणस, मागे विहीर, चिऱ्याच्या भिंती. तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला नाही. “बघ, जमतं का,” एवढंच बोललात.

आणि मग माझी ट्रंक स्वतः उचलून भाऊच्या धक्क्यापर्यंत घेऊन आलात. मला बोटीत बसवलंत. पोरीच्या हातात चण्यांची पुडी दिलीत. हे मी कसं विसरू?

आपलं आडनाव गावावरून पडलेलं, म्हणून त्याच गावी उतरले. पहिल्याच घरी एक म्हातारी भात पाखडत होती. मी माहेरचं आडनाव सांगितलं. ती सूप खाली ठेवून हसलीच. “ह्या आडनाव हय कोण लावीत नाय गो. मुंबैक गेल्यार लागता ता. तू खंयच्या वाडीतली?” मला वाडी माहीत नव्हती. “बरा, शिमग्याक पालखी तुमच्या घराक येता मां? कोणाच्या मागसून येता?” पालखी कोणत्या घरानंतर कोणाकडे जाते, हे मला कुठून ठाऊक? पालखी बघायला तुम्ही आम्हाला एकदाही नेलं नव्हतंत, सुट्टी मिळत नाही म्हणायचात. तोवर शेजारची दोघंतिघं जमली होती. म्हातारीचं हसू गेलं. हळूच म्हणाली, “बाय, देव ज्या घराक जाणा नाय, ता घर ह्या गावात नाय.” तिने आम्हाला पेज वाढली, रात्री ओटीवर निजू दिलं. पोर विचारत राहिली, “आई, आपला फणस कुठला?”

परत आले तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. मी न विचारताच सांगितलंत. खात्यात माणसं भरणारा जॉबर त्या गावचा होता, फक्त आपल्या गावची माणसं घ्यायचा, त्यांच्याच खोलीत पथारी टाकायला जागा द्यायचा. तुम्ही दुसरीकडचे. त्याला तुमची दया आली, म्हणाला, आजपासून तू आमच्या गावचा, आणि हजेरीपटावर गावाचंच आडनाव लिहिलं. “काय चुकलं गो? पोट भरलं ना सगळ्यांचं? साहेबाचं आडनावसुद्धा असंच कचेरीतल्या माणसांनी...”

“साहेबाच्या नावात त्याचा बाप तरी आहे,” मी ओरडले. सगळ्या चाळीने ऐकलं. “माझ्या नावात कोण आहे?”

“लग्नाआधी मी होतो की,” तुम्ही म्हणालात.

बाबा, जॉबरच्या शब्दावर गिरणीत खोटं बोललात त्याचा मला राग नाही. उपाशी माणसाने बोलावंच. पण मला बोटीत बसवण्याआधी एक वाक्य बोलायचं होतंत. धक्क्यापर्यंतचा सगळा रस्ता तुमच्या हातात होता. की तुम्हाला वाटलं, तिथे खरोखरच कोणी दार उघडेल? इतकी वर्षं सांगून ते घर तुम्हालाच खरं वाटू लागलं होतं का? मी हेही मनाशी म्हणून पाहिलं. राग कमी होत नाही. लालबागेतच मसाला कांडून मी पोरीला वाढवलं, तुमच्या खोलीत पुन्हा राहिले नाही.

शेवटी तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा मी विचारलं, “आता तरी सांगा, आपलं खरं गाव कुठलं?” तुम्ही म्हणालात, “लालबाग.” मला वाटलं, मरतानाही थट्टाच. मी उठून बाहेर गेले, व्हरांड्यात उभी राहून रडले, ते दुःखाने नव्हे.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. आता मला कोणी विचारतं, बाई, गाव कुठलं? मी म्हणते, लालबाग. लोकांना वाटतं मी टाळते आहे. हे उत्तर तुमचं आहे, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.