लाल दोऱ्याचा भोपळा

२१ जून
गेलं! भोपळ्याच्या वेलीचं पहिलं मादी फूल गेलं. दोरा इतका करकचून आवळला की देठच कापला. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला शिंपी मी, आणि एक फूल बांधता येईना.

हिला फोनवर सांगितलं. "अहो, ती काय पँटची शिवण आहे? हलक्या हाताने!" मागे बाळाचं रडणं ऐकू आलं आणि तिने फोन ठेवला. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, तिकडचीच झाली. मला अजून बोलायचं होतं. वेलीबद्दल नाही.

२४ जून
नवी कळी! टोक पिवळं झालंय, म्हणजे उद्या उमलणार. संध्याकाळीच तिचं तोंड बांधलं, सैल. नर फुलांचंही. शेजारच्या मास्तरांची बाजारच्या बियांची वेल भिंतीवर चढून बसलीय. एक मधमाशी तिकडून इकडे आली की बियाणं बिघडलं, पुढच्या वर्षी भलताच भोपळा निघायचा. आणि हे बी हिच्या आईचं, दुसऱ्या कुणाकडे नाही. दरवर्षी हे सगळं हीच करते. मी नुसता खायचा धनी.

२५ जून
उजाडताच दोरा सोडला. नर फुलाच्या पाकळ्या सोलून ते मादी फुलात फिरवलं, पुन्हा तोंड बांधलं. मास्तर भिंतीवरून म्हणाले, "काय हो, सोयरीक जमवताय?" म्हटलं, "घरची मंडळी गावाला गेलीत, मलाच उभं राहावं लागतंय!" दोघेही हसलो.

मग आत येऊन चहा टाकला. अजून दोन कप पाणी ठेवतो.

३ जुलै
धरला! लिंबाएवढा. देठाला लाल दोरा, खुणेचा.

१९ ऑगस्ट
फोनवर ही म्हणाली, "तुम्हीच या ना इकडे." म्हटलं, वेलीकडे कोण बघणार? खरं म्हणजे जावयाच्या घरी पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं, याचाच संकोच. मग म्हणाली, "बरं, थंडीच्या आत मीच येते."

भोपळ्याशी बोललो थोडा वेळ. वेड लागलंय मला.

३० सप्टेंबर
देठ वाळला, सालीत नख रुतत नाही. उतरवला. राखाडी, खोल खाचांचा, दोन्ही हातांनी उचलावा असा. बाकीचे मी खाईन, हा मात्र तिच्याशिवाय कापायचा नाही. तिचा नियमच आहे — चाखल्याशिवाय बी ठेवायचं नाही. फिका निघाला तर त्याचं बी बाद. आणि चाखणार ती! माझ्या जिभेला कोण विचारतो?

तिच्या कपाटावर ठेवलाय. झोपताना समोर दिसतो.

२ डिसेंबर
थंडी आली. ही नाही आली. बाळाला दात येताहेत म्हणे. आधी ते पालथं पडत होतं, मग रांगत होतं. त्याचं रोज काहीतरी होणारच! यातलं काही बोललो नाही. घर खायला उठतं, हेही नाही.

९ जानेवारी
भोपळ्याच्या बुडाशी मऊ डाग! बोट आत गेलं. आता थांबलो तर बी कुजेल. लगेच फोन केला. ती म्हणाली, "कापा. तुम्हीच चाखा."

चांगल्या भागाच्या सालीसकट फोडी केल्या, तेल-मीठ लावून कडा काळ्या होईपर्यंत भाजल्या. पिठूळ आणि गोड. इतका गोड की मला एकट्याने खाववेना. पुन्हा फोन करून "बी ठेवू?" विचारलं. "ठेवा," म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!

दुसरी ताटली काढली होती. तशीच परत ठेवली.

१७ जानेवारी
बी वाळलं. आणि हिचा फोन. "त्यातलं अर्धं टपालाने पाठवा हो. इथे मागे जागा आहे, मार्चमध्ये लावीन."

मार्चमध्ये! म्हणजे भोपळा उतरेपर्यंत ती तिथेच. तारखा मलाही कळतात आता. नुसतं "बरं" म्हणालो. पाकीट घेतलं, पत्ता लिहायला बसलो आणि रडू आलं. मला ती हवी आहे. बस्स.

२९ जानेवारी
बी टपालात टाकलं नाही. कोटाच्या अस्तरात शिवलंय — अर्धं नाही, सगळं. बागेची किल्ली मास्तरांकडे दिली. मी येतोय हे हिला कळवलेलं नाही. गाडी दाराशी आलीय.