झोक्यावर मोजलेली शाळा

प्रिय विजू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधी सांगतो, घरात सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण ते काही आजचं दुखणं नाही. मूग फुलावर आलाय, तूर कोवळी आहे, आणि तुझ्या भावानं, तानाजीनं, याही वर्षी माझं न ऐकता सोयाबीन जास्त पेरलंय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन लावला की तू म्हणतेस, "आप्पा, मीटिंगमधी हाय, मागून करते," आणि मी फोन ठेवतो. मागून तू फोन करतेस तो आईला. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतच शिकलो असलो तरी माझं अक्षर कुणाला लावून वाचावं लागत नाही, हे तुला माहीत आहे.

शाळा कुलपात आहे. सामान न्यायला टेंपो आला तेव्हा मी समोर उभा होतो. दोघांनी धरायचा फळा एकट्यानं उचलला आणि कोपरा फुटला. मी ओरडलो, तर तो हमाल म्हणतो, "काका, आता कोण लिवणाराय त्याच्यावर?" पाण्याच्या तोट्या कुणीतरी रातोरात काढून नेल्या. पाइपांच्या तोंडात मी लाकडी बुचं ठोकलीत, नाहीतर आत विंचू घर करतात. त्या तोट्या तुला आठवतच असतील. ठेकेदारानं सगळ्या एका ओळीत, मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर बसवल्या होत्या. मी छिन्नी घेऊन भिंत पुन्हा फोडली आणि तीन उंचीवर बसवल्या. पहिलीतल्या लेकरांना सगळ्यांत खालची. फिटिंगचं काम मला कुणी शिकवलं नाही. लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी उघडून, परत जोडून शिकलो. पण पाणी प्यायला लेकराला दुसऱ्याची ओंजळ लागू नये, एवढं मला कळत होतं. तू खालच्या तोटीपासून वरच्या तोटीपर्यंत त्याच भिंतीशी वाढलीस.

आपल्या वाडीची चालही तुला नव्यानं सांगायला नको. दिलेल्या लेकीचं पहिलं लेकरू आजोळी राहतं, आजोळच्या शाळेत शिकतं. सीमेपलीकडं महाराष्ट्रात उमरगा, निलंगा, जिकडं जिकडं आपल्या लेकी गेल्या, तिकडून लेकरं यायची आणि इथं कर्नाटकात आपल्या मराठी शाळेचा पट भरलेला असायचा. मी शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष झालो तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती. पुढं तिकडं गावोगाव इंग्रजी शाळा निघाल्या, पिवळ्या बस दारात यायला लागल्या, आणि लेकींचा जीव लेकरांना लांब ठेवायला होईना. तरी नावं आपल्याकडं राहिली. पटाच्या मोजणीच्या वेळेला मी फोन करायचो, लेकी लेकरं आणून सोडायच्या, आठवडाभर आजोळी राहून ती परत जायची. कुणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणत नाही. लेकरं खरी, आजोळ खरं, आणि त्यांच्या नावाचा गणवेश मी स्वतः त्यांच्या अंगावर चढवलाय. त्या नावांच्या आधारावर वाडीतल्या उरलेल्या खऱ्या लेकरांना मास्तर मिळत होता.

तू सीआरपी झालीस, आजूबाजूच्या शाळा तपासत फिरायची ड्यूटी तुला लागली आणि त्यात आपली शाळा आली, तेव्हा मी बिराजदार मास्तरांना म्हणालो, आता काळजी नको. मास्तर तेव्हाच म्हणाले होते, "आप्पा, लेक तुमची हाय, पण पगार सरकारचा हाय." मी हसलो होतो.

गेल्या नागपंचमीचा दुसरा दिवस. तू सकाळीच आलीस, खांद्याला बॅग. आईनं लाह्या-लाडू काढून ठेवले होते, बांगड्या भरणारीला थांबवून घेतलं होतं. सगळ्या वाडीला वाटलं, पोरीला पंचमीला रजा मिळाली नाही, म्हणून एक दिवस उशिरा आली. सणाला आलेल्या लेकींबरोबर त्यांची लेकरंही आली होती, आणि खेळायला जागा म्हणून ती शाळेत जाऊन बसली होती. मास्तरांनी हजेरी घेतली, तर पटावरचं नाव अन् नाव हजर. मी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता. तू खोलीच्या दारात उभी राहून मोजलंस, मान हलवलीस, माझ्याकडं बघून हसलीस. मला वाटलं, झालं, या वर्षीचं भागलं.

मग तू लिंबाखाली झोक्यावर गेलीस. दोर मीच बांधला होता, गाठ दोनदा ओढून बघितली होती. तुझ्या मैत्रिणी तुला बसवून झोका देत होत्या आणि त्यांचं बोलणं मला ओट्यावर ऐकू येत होतं. "ए विजे, सायबीण झालीस, हाळू देऊ का झोका? खुर्चीची सवय झाली असंल!" "दे की जोरात, पडले तर तुलाच सस्पेंड करते!" असं चाललं होतं. हसत हसत तू एकेकीला विचारलंस, तुझं पोरगं कितवीला गं, शिकतंय का नीट? आणि त्या सांगत गेल्या. "माझं तिकडं इंग्रजीत दुसरीला हाय की. हितं नुसतं नाव, आपल्या आप्पाच्या शाळंसाठी." कोंडाबाई तर म्हातारी, तिनं तुझ्या गालावरून हात फिरवून सांगितलं, "उद्या जातेत बाई नातवंडं. मोजणी आली की आप्पा बोलवतेत, मग येतेत." एकीच्याही मनात आलं नाही की इथं तपासणीवाली बसलीय. आपल्या पोरीला सांगतो तसं सांगितलं. दुपारी तू जेवलीस, पुरणाच्या कडबूवर तूप मागून घेतलंस, आईनं तुझी ओटी भरली. उंबऱ्यातून निघताना मी विचारलं, "समदं बरं हाय ना?" तू म्हणालीस, "बरं हाय, आप्पा." त्या 'बरं'ला मी वर्षभर धरून बसलो.

कुणी सांगितलं ते तुला कळायला हवं. जूनमध्ये आपली शाळा नाक्यावरच्या मोठ्या कन्नड शाळेत विलीन केली, म्हणजे पाटी उतरली, त्यानंतर मी हुलसूरला हावगेप्पाच्या दुकानात पाइप आणायला गेलो होतो. सगळ्यांसमोर मी वरच्या लोकांच्या नावानं बोटं मोडत होतो. हावगेप्पा पाइप कापता कापता म्हणाला, "अण्णा, वरच्याला कामून शिव्या द्यायलात? चावी तर घरातनंच गेली की." त्याचा भाचा तुमच्या ऑफिसात शिपाई आहे. तुझा अहवाल साहेबांनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे, बघा, तपासणी अशी असते. स्वतःचं माहेरही सोडलं नाही. दुकानातले सगळे माझ्याकडं बघत होते. मी पाइपाची लांबी पुन्हा मोजून घेतली, पैसे दिले आणि निघालो. गावात आल्यावर ध्यानात आलं, मी चुकीच्या मापाचा पाइप आणला होता. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही.

त्या दिवशी मी तुला फोन केला, आठवतं? तू मीटिंगमध्ये नव्हतीस. तू न थांबता बोललीस. "आप्पा, एका खोलीत पाच वर्ग, एक मास्तर. मास्तर टपालाच्या कामाला गेला की कुलूप. बसणारी लेकरं ओट्यावर मावतेत, आणि कागदावर खोली भरलीय. तेवढ्याच खर्चात तिथं वर्गाला एकेक मास्तर मिळतोय, पोरींना संडास हाय, इंग्रजीची बाई हाय. माझ्या भाचीनं, अंजूनं, काय बिगाडलंय तुमचं? तिनं का तुमच्या हट्टाच्या शाळंत बसायचं?" मी फोन ठेवला. मग दोन-चार दिवस तुझ्या बोलण्यात चूक शोधली. सापडली नाही. पण माझं दुखणं त्या बोलण्यात नव्हतंच. तुला हेच सांगायचं होतं तर ओट्यावर माझ्यासमोर बसून सांगायचं होतंस. मी भांडलो असतो, जेवलो नसतो, पण मला कळलं असतं की माझ्यासमोर कोण बसलंय. तू बायकांना झोक्यावर विचारलंस. त्यांनी लेकीला सांगितलं आणि सायबिणीनं लिहून घेतलं. आता त्याच बायका मला विचारतात, "आप्पा, आमच्या तोंडानं शाळा गेली का हो?" मी त्यांना काय सांगू?

तरीही मी अंजूला घरी बसवलं नाही. तानाजीच्या आधी मीच तिला बसपर्यंत सोडायला गेलो. गेल्या आठवड्यात पालक म्हणून तिची शाळा बघायला गेलो होतो. फाटकावर मोठी कमान बांधलीय, तिच्यावर दिवे. मुख्याध्यापकांच्या खोलीत नवी फरशी, सांधे मात्र तिरके. खर्च वाचवून लेकरांसाठी लावू म्हणाले होते, तो लागलेला मला एवढाच दिसला. मराठी वर्ग तसेच चालू राहतील, मास्तर सोबत येतील, असं ग्रामसभेत सांगितलं होतं. बिराजदार मास्तरांना दुसरीकडंच पाठवलंय. आपली लेकरं, पहिलीपासून पाचवीपर्यंतची सगळी एकत्र, व्हरांड्यात बसतात. त्यांच्यावर शैलश्री टीचर आहेत. बाई मनाच्या चांगल्या, पण त्यांना मराठी येत नाही. "काय करू अण्णा, रंग भरायला देते," म्हणाल्या. कन्नडशी माझं वाकडं नाही, मी स्वतः बसच्या पाट्या आणि खताची पोती वाचून ती शिकलो. पण मी पोटासाठी शिकलो, मोठा होऊन. अंजूला तिसरीचं गणित आधी कळायला हवं. आणि तोट्या, विजू, सगळ्या एका उंचीवर आहेत. पहिलीतली लेकरं अंजूच्या बाटलीतलं पाणी मागतात. ती घरी आली की दप्तर न काढता आधी माठाकडं धावते.

ती शाळाही तुझ्याकडंच येते, मी विचारून घेतलंय. म्हणून हे पत्र. न सांगता जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊ नकोस, सरळ व्हरांड्यात जा, लेकरांत बस, आणि झोक्यावर विचारलंस तसं हसत हसत विचार. ती सांगतील, कारण तू त्यांचीही आत्या, मावशी आहेस. मग ऐकलंस तेवढंच लिही, कमी नको, जास्त नको. तुझं कौतुक करणाऱ्या साहेबांना ते आवडणार नाही, कदाचित तुला कुठंतरी लांब टाकतील. माझ्या शाळेचं खरं लिहिताना तू बापाकडं बघितलं नाहीस. आता साहेबाकडंही बघू नकोस. त्या दिवशी आपल्या घरी जेवायला येऊ नकोस, आई रडेल, तरी येऊ नकोस. पंचमी तोंडावर आलीय. लिंबाचा झोका मी सोडून दोर माळ्यावर ठेवलाय, या वर्षी कुणासाठी बांधलेला नाही. तुझं लिहून झालं, की फोन कर. मीटिंगमधून केलास तरी चालेल. मी माळ्यावरून दोर काढतो.

तुझाच,
आप्पा