यजमानाच्या रकान्यात

३ मार्च
संकल्प: आजपासून कुणाशीही भांडायचं नाही. संशोधनात असलेल्या बाईला ते शोभत नाही.
नानाय नदीकाठच्या कीटक-संशोधन स्टेशनवर मला कामाला लागून आठवडा झाला. पेल्यांतल्या सुरवंटांना पानं घालायची. एखाद्याच्या अंगातून गांधीलमाशी निघाली (तिची आई अंडी जिवंत सुरवंटात घालते, निर्लज्ज) की तिला स्पिरिटच्या बाटलीत टाकून लेबल लिहायचं. लिमाहून आलेल्या मारिसाबाई ह्याला मदतनिसाचं काम म्हणतात. त्यांना अजून माझा आवाका कळलेला नाही.
लेबलवर चार रकाने. जागा, तारीख, गोळा करणारा, यजमान. शेवटचा वाचून थबकले. पण विधवेला नवऱ्याचं नाव विचारल्याशिवाय कुठल्या ऑफिसात कागद पुढे सरकतो? लिहिलं: तेओफिलो मुरायारी, दिवंगत.

६ मार्च
ह्यांना जाऊन आज दीड वर्ष. धक्क्यावर नणंद कपडे धूत होती. रोसिल्दावन्सं. चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आमचा तेओफिलो एकटा ओंडके ओढायचा हो. लग्न झालं आणि लिव्हर गेलं. असली कावीळ काय झाडावरून पडते? कुणीतरी दिल्याशिवाय येते का?
मी संकल्प पाळला. एक शब्द बोलले नाही. त्यांचं कपड्यांचं टोपलं तेवढं पायाने नदीत ढकललं.

९ मार्च
कुणी दिली ते मला पक्कं ठाऊक आहे. आरोग्य केंद्रातला नर्स, सेगुंदो. पुराच्या वर्षी त्याने ह्यांना इंजेक्शन दिलं ती सुई खिशातून काढली होती. (पाकिटातून असेल. पण पाकीट खिशात होतं.) तक्रारअर्ज नवव्या पानावर आलाय.
सेगुंदो म्हणतो, मावशी, तक्रार खुशाल कर, पण आधी रक्त तपासून घे. बरंच कळेल. म्हटलं, मला काय धाड भरलीये? सकाळी चार केळी आणि भाजलेला मासा खाऊन वर कसाव्याची आंबवलेली पेज, मासातो, वाडगाभर प्यायले. आजारी माणूस इतकं खातं का? तर म्हणतो, मग भितेस कशाला?
मी भीत नाही. वेळ नाही. सुरवंटांकडे कोण बघणार?

१७ मार्च
स्टेशनच्या कपाटातलं जाड पुस्तक वाचते आहे. वाचायला मी औषधाच्या खोक्यांतल्या कागदांवरून शिकले, त्यामुळे अवघड शब्दांची सवय आहे. ह्यांच्या शेवटच्या वर्षी घरात खोकी पुष्कळ होती.
पुस्तकात लिहिलंय की काही गांधीलमाश्या अंड्याबरोबर एक विषाणूही टोचतात. त्याने सुरवंटाची लढायची ताकद झोपते. अंगात परकं कुणी शिरलंय हेच त्याला कळत नाही.
टोचणं, विषाणू, झोपलेलं अंग. सगळं जुळलं. सेगुंदो ही गांधीलमाशी आहे. अर्ज, पान चौदा.

२ एप्रिल
सोळा नंबरचा सुरवंट माझा लाडका. सगळ्यांत गुबगुबीत, सगळ्यांत खादाड. मारिसाबाईंना म्हटलं, हा बघा, ह्याला काही झालेलं नाही. बाई म्हणाल्या, ओदिलियाताई, शेवटच्या दिवसापर्यंत ते असेच खातात.
दुपारी त्याच्या कुशीतून गांधीलमाशीच्या बावीस अळ्या बाहेर आल्या. पान त्याने अजून धरलेलं होतं.
मला जेवण गेलं नाही. उकाडा फार.

३ एप्रिल
रक्त दिलं. अर्जाला पुरावा जोडावा लागतो म्हणून.

११ एप्रिल
मारिसाबाई माझी लेबलं घेऊन आल्या. ओठ दाबून हसत होत्या, माझ्याकडे बघून थांबल्या. लिमाच्या म्युझियमच्या यादीत एकतीस गांधीलमाश्या तेओफिलो मुरायारी, दिवंगत, यांच्या अंगातून निघाल्याची नोंद झाली आहे. म्हणाल्या, ताई, यजमान म्हणजे ज्याच्या अंगात दुसरा राहतो, खातो, वाढतो, तो. इथे सुरवंटाचं नाव हवं होतं.
म्हटलं, मग माझं चुकलं कुठे?
त्यांनी कोऱ्या लेबलांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. इतक्या शिकलेल्या बाईला हरवलं. बरं वाटायला हवं होतं.

१८ एप्रिल
सेगुंदोने केंद्रातल्या बाकावर बसवून सांगितलं, मावशी, हिपॅटायटिस बी तुला होऊन गेलाय. आता नाही. लग्नानंतर कधी डोळे पिवळे झाले होते?
झाले होते, पहिल्याच वर्षी. सासू म्हणाली नजर लागली, तेव्हा मी तिच्याशी दीड महिना भांडत होते.
तो म्हणाला, मोठेपणी आला की बहुतेकांचं अंग भांडून हाकलून देतं. जन्मतःच आईकडून आला की अंगाला तो घरचाच वाटतो. तेओफिलोकाकांचं बहुधा तसंच झालं. त्यांची आईपण पोट फुगूनच गेली ना?
म्हणजे मी दिला नाही. सुईनेही नाही. ह्यांचं अंगसुद्धा ह्यांच्यासारखंच निघालं. आल्यागेल्याला बस म्हणायचं, वाडगा पुढे करायचा, आता निघा असं कधी म्हणायचं नाही. ते म्हणायला मी दारात उभी असायचे. पण हा आतच बसलेला होता.
उद्याचा बेत: धक्क्यावर, सगळ्या बायकांसमोर वन्संना ऐकवायचं. भाषण लिहून काढलं. दोन पानं.

१९ एप्रिल
बायका भरपूर होत्या. पहिलं वाक्य खणखणीत वाचलं. तुमच्या भावाला तुमच्याच आईने दिला.
वन्संनी हातातला पिळा खाली ठेवला. म्हणाल्या, ओदिलिया, अगं, आई तर माझीपण तीच.
दुसरं पान वाचायचं राहिलं.

२० एप्रिल
अर्ज चुलीत घातला. एकतीस लेबलांपैकी तीस नव्याने लिहिली. एक माझ्याकडे राहिलं, बाईंनी मोजलं नाही.
वन्संना होडीने केंद्रात नेलं. सेगुंदोला म्हटलं, हळू टोच. निकाल आठवड्याने.
परतताना वन्सं नदीकडे बघत म्हणाल्या, मला काही झालेलं नाहीये गं. आज सकाळी चार केळी खाल्ली, वर मासा. आजारी माणूस इतकं खातं का, तूच सांग.
म्हटलं, नाही वन्सं. आजारी माणूस इतकं खात नाही.